पेटाऱ्याचा खर्ज

मंगरूळपीर
९ ऑक्टोबर १९७५

चि. गोविंदा,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

बायकोच्या धाकट्या भावाला पत्र लिहायला कारण लागत नाही, शिवाय तो लाउडस्पीकरच्या कारखान्यात नोकरीला असला तर कारण आपोआपच सापडतं. तर कारण असं की, आमचा पेटारा आजारी आहे.

पेटारा म्हणजे कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजरसाहेबांनी बदलीच्या वेळी मला देऊन टाकलेला रेडिओग्राम. मधे रेडिओ, वर तबकड्या वाजवायचं यंत्र, दोन कुशींना दोन स्पीकर. ‘स्टिरिओ आहे बरं का गुरुजी,’ असं साहेब फार आदराने सांगत. त्यांच्या दोन्ही मुलांना मी संस्कृतात पास करून दाखवलं, त्याची ही दक्षिणा. थोरल्या मुलाला तू पाहिलं असतंस तर दक्षिणा कमीच वाटली असती.

आजार असा की त्यातून खर्ज निघत नाही, असं तुझ्या बहिणीचं म्हणणं. ‘गानं येते, ढोलकी येत नाही,’ असं भागिरथा म्हणते. मला तर ढोलकी येते. पण लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाने ‘मला तर येते’ हे वाक्य घरात वापरू नये, एवढं शास्त्र मी शिकलो आहे.

आमच्या तर्कशास्त्रात शब्द हा आकाशाचा गुण मानतात. पोकळी आहे तिथे आवाज. मी पेटाऱ्याच्या मागून आत डोकावून पाहिलं. पोकळी मुबलक आहे. तेव्हा शास्त्र इथे थांबतं आणि तुझं काम सुरू होतं. (हे शास्त्र कुठे शिकलात असं तू मागे विचारलं होतंस. एका पाठशाळेत, पण बाहेरून. आत बसायची आमच्या लोकांना सोय नव्हती, आणि गोठ्याकडची भिंत लाकडी फळ्यांची होती. तिला गाल लावून दोन वर्षं ऐकलं. परीक्षा-बिरीक्षा सगळं पुढे बोर्डिंगात. माझे उच्चार अजून जरा लाकडी आहेत ते त्यामुळे.)

चेष्टा सोडून सांगतो. विहारात बायांची गाणी असतात, गोजराबाई म्हणतात आणि भागिरथा ढोलकी धरते, हे तुला ठाऊक आहे. वैशाखापासून तिने ढोलकीला हात लावलेला नाही. फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगली आहे. आणि माझ्याशी बोलणंही जवळजवळ बंद. मी काही विचारलं की भिंतीकडे पाहते. वैशाखात आपल्या विजयमालेला बल्लारशाला दिली, एवढ्या लांब, आणि तिच्या आईला धड न विचारता, त्याचा तो राग असणार. राग रास्त आहे, म्हणून मी निमूट आहे. गंमत म्हणजे भाऊसिंगाच्या पिठाच्या चक्कीवर गेलो की हीच बाई त्या घरघराटात माझा शब्द न् शब्द झेलते, उलट उत्तरही देते. घरी तीनदा हाक मारावी लागते. बायकोला घरात ऐकू येत नाही आणि बाजारात येतं, याचं कारण कोणत्याही दर्शनात दिलेलं नाही.

पेटाऱ्यातली ढोलकी परत आली तर खुंटीवरचीही कदाचित उतरेल, अशी माझी आशा. तूर्त इतकंच.

तुझा
देवमन


पिंपरी
२१ ऑक्टोबर १९७५

आदरणीय भाऊजी,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र वाचून आम्ही दोघंही हसलो. नंतर ही म्हणाली, भागिरथाबाई बोलत नाही त्यात हसण्यासारखं काय आहे. तेही बरोबर आहे. बाईचा राग मला लहानपणापासून माहीत आहे. रिठदला घरी एकदा मी तिच्या ढोलकीची शाई नखानं खरवडली, तर आठ दिवस माझ्या भाकरीवर मीठ आलं नाही. ती मनवल्यानं मानत नाही, कामानं मानते. म्हणून काम करू.

तुमच्या पेटाऱ्याचे स्पीकर लहान आणि म्हातारे आहेत. स्पीकरच्या पडद्याचा कागद ताठरला की खर्ज आधी जातो. ते बदलू नका. मी वेगळी पेटी बनवून पाठवतो. बारा इंची स्पीकर, जाड फळ्यांचा डबा, आणि आवाज वाढवणारी मशीन त्याच्या पोटातच. विजेचा प्लग त्याचा त्याला. तुमच्या पेटाऱ्यापासून ती फक्त गाणं घेईल, ताकद स्वतःची लावेल. म्हणजे घरजावई नाही, डबा बांधून येणारा पाहुणा समजा.

जोडताना दोन्ही प्लग काढून ठेवा. पेटीतून तारांच्या दोन जोड्या निघतात. एक जोडी उजव्या स्पीकरच्या स्क्रूंना, एक डाव्या. दोन्हीकडे लाल तार लाल टिपक्याच्या स्क्रूला, काळी दुसऱ्याला. हे चुकवू नका. पेटी कोपऱ्यात भुईवर ठेवा, पाटावर किंवा फळीवर नको. खर्ज भुई धरून चालतो.

बाईला सांगा, गोविंदानं तुझी ढोलकी पार्सलनं पाठवली.

तुमचा
गोविंदा


मंगरूळपीर
२३ नोव्हेंबर १९७५

चि. गोविंदा,
सप्रेम जयभीम.

पेटी पोचली. अकोल्याहून एस.टी.च्या टपावरून आली. कंडक्टरने पेटीवर हात ठेवून ‘गुरुजी, यात कोन हाय?’ असं विचारलं. ‘काय’ नाही, ‘कोन’. उतरवायला चार माणसं लागली आणि पाहायला चाळीस.

भागिरथेने पहिल्या दिवशी तिच्याकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याची जाड गोधडी शिवून तिला तोंडासकट घातली. नवी वस्तू, धूळ जाईल म्हणून. या घरात काही महिन्यांत कोणाला एवढ्या मायेने पांघरूण मिळालेलं नाही, म्हणून मी काढायचं धाडस केलं नाही.

रविवारी तारा जोडल्या. तुझी आज्ञा अक्षरशः पाळली. लाल टिपका दोन्हीकडे सापडला, लाल तार तिथेच. कोपरा, भुई, प्लग, सगळं यथासांग. भागिरथा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हात पुसत होती, पण गेली नाही. मी तबकडी लावली.

गोविंदा, पेटीतून काही निघालं नाही. गोधडीतून कोणीतरी झोपेत कण्हावं तसं थोडंसं, बस्स. जाड जाड आवाज कुठे जिरत होते ते बुद्ध जाणे. ती दोन मिनिटं थांबली, वर्गात नापास मुलाकडे मी जसं पाहतो तसं माझ्याकडे पाहिलं, आणि चुलीकडे वळली. मला वाटतं ओठात ‘राहू द्या’ म्हणाली.

पेटी परत पाठवायची असली तर पुन्हा चार माणसं शोधावी लागतील. तेव्हा उपाय कळव.

तुझा
देवमन


पिंपरी
२ डिसेंबर १९७५

भाऊजी, जयभीम.

उपाय सांगायच्या आधी एक विचारतो. मॅनेजरसाहेबांच्या घरी दसऱ्याला मशीनची पूजा होत असे का? असेल तर पाण्याचं बोट घेऊन दोन्ही लाल टिपके पुसून पाहा. कारखान्यानं दिलेला रंग पुसला जात नाही, कुंकू पुसलं जातं. एकीकडची लाल तार चुकीच्या स्क्रूला लागली असली, तर एक बाजू ढकलते तेव्हा दुसरी ओढते. बारीक आवाज वाचतात, खर्ज मात्र दोघांच्या ओढाताणीत मरतो.

आणि गोधडी काढा. बाईची असली तरी काढा. स्पीकर झोपायला पाठवलेला नाही.

गोविंदा


मंगरूळपीर
१४ डिसेंबर १९७५

चि. गोविंदा,
जयभीम.

डावीकडचा टिपका कुंकवाचा निघाला. त्याच्या खाली हळदही होती. साहेबांच्या पत्नीने यंत्राची आठ वर्षं मनोभावे पूजा केली, आणि आपण धर्म बदलून एकोणीस वर्षं झाल्यावर त्या पूजेचं फळ मला मिळालं. हे मी मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते दिवसभर हसतील, म्हणून फक्त तुला.

तार फिरवली. गोधडी घडी घालून बाजूला ठेवली. आणि मग, बाबा रे, ढोलकी आली. जर्मनच्या पातेल्यांनी मांडणीवर फेर धरला. भाऊसिंग पीठ लागलेल्या मिशांसकट गल्ली ओलांडून आला, कोणाच्या घरी लग्न आहे म्हणून. माझ्या छातीत थाप वाजत होती. मी भागिरथेकडे पाहिलं. मला वाटलं, आता.

ती म्हणाली, ‘भांडे वाजून राह्यले. ढोलकी कुठं हाय?’

सगळ्यांसमोर. आणि आत गेली.

मला वाईट वाटलं, लपवत नाही. पेटी तुझी उत्तम आहे. पण मी दिलेली कोणतीही गोष्ट तिला पोचू द्यायची नाही असं तिने ठरवलं असेल, तर त्याला तुझा काय इलाज? आता यापुढे काही पाठवू नकोस. तुझ्या कष्टांबद्दल मनापासून आभार. मेहुण्याचे आभार मानायची वेळ आली यावरून माझी अवस्था ओळख.

देवमन


मंगरूळपीर
१९ डिसेंबर

गोविंदा,
तुले, वयनीले जयभीम. लेकराइले पापा.

हे पत्र मी लिवून राह्यली हे तुह्या भाऊजीले सांगू नको. पोस्टात गोजराबाई टाकून देतील.

तुवा पाठवलेला डब्बा चांगला हाय. पन मले त्याच्यातली ढोलकी आली नाही. खोटं कायले बोलू. सगळे म्हनत आली आली, मले मांडनीवरचे भांडे तेवढे आयकू आले. मी तसं म्हटलं तर तुह्या भाऊजीचं तोंड एवढुसं झालं. मले वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

माह्या डाव्या हातातला जोर गेला, गोविंदा. ढोलकीवर थाप मारली का काहीच होत नाही, उजव्या हाताची टिचकी तेवढी येते. गोजराबाई म्हनतात चांगली वाजते, पन त्या मन राखतात. हातच गेला तं विहारात कायले बसू. म्हनून टांगून देली.

दुसरी गोष्ट ज्यास्त वाईट हाय. विजूच्या लग्नात मी चार लोकाइत बोलली का पोरीले एवढ्या दूर काहून देता. तवापासून तुहे भाऊजी माह्याशी बोलत नाहीत. ओठ हालवतात, आवाज काढत नाहीत. पुटपुटतात. चक्कीवर लोकं असले का मंग चांगले खडखडीत बोलतात, घरी आले का पुन्हा तेच. पह्यले रातच्याला जेवताना शाळेतल्या गोष्टी सांगत. त्याइचा आवाज जाड हाय, तुले मालूम हाय. तो आवाज मी सात-आठ महिने धड आयकला नाही. त्याइचा राग वाढू नाही म्हनून मीबी आता हळूच बोलते.

त्याइले एवढं लिव का बाई चुकली म्हनून. तू लिव. मले त्याइच्यासमोर जमत नाही.

तुही बाई
भागिरथा


पिंपरी
२८ डिसेंबर १९७५

भाऊजी, सविनय जयभीम.

हे पत्र बसून वाचा. बाईनं मला लिहिलं आहे, आणि तुम्हाला सांगू नको असंही लिहिलं आहे. पहिल्यांदाच तिचं ऐकत नाही. परत एकदा मीठ नसलेली भाकरी खाईन.

तुम्ही समजता ती तुमच्यावर रुसली. ती समजते तुम्ही तिच्यावर रुसलात. ती म्हणते, तुम्ही ओठ हलवता पण आवाज काढत नाही. चक्कीवर मात्र बोलता. चक्कीचं तुम्हीही मला लिहिलं होतं. दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली आणि मला तिच्या कानाची शंका आली.

आमच्या चाळीत कानाच्या डॉक्टरांकडे काम करणारे एक जण राहतात. त्यांच्या ओळखीनं डॉक्टरांना भेटलो. मी निम्मं सांगितलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, ‘गोंगाटात जास्त चांगलं ऐकू येतं का? आणि स्वतः हळू बोलतात का?’ मी होय म्हणालो. ते म्हणाले, कानात एक तांदळाएवढं हाड असतं, ते जखडून बसतं. मग हवेतून येणारा आवाज आत पोचत नाही, आणि आधी जातात ते जाड आवाज. ढोलकीचा घुमारा. तुमचा आवाज. आतली नस चांगली असते, म्हणून हाडातून, लाकडातून आलेलं ऐकू येतं. नक्की काय ते तपासून सांगतील, पण बऱ्याचदा ऑपरेशननं सुटतं म्हणाले. फेब्रुवारीत घेऊन या. राहायची चिंता नको.

मी बारा इंची स्पीकर बनवला, टिपका पुसायला सांगितला, पण बाईला एकदाही विचारलं नाही की बाई, तुले काय ऐकू येते. आपण दोघंही मशीनच दुरुस्त करत होतो.

गोविंदा


मंगरूळपीर
४ जानेवारी १९७६

चि. गोविंदा,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. त्यातलं अर्धं मला गुरुवारीच कळलं होतं. कसं ते सांगतो.

गुरुवारी शाळा अर्धी होती. घरी आलो तर दार नुसतं लोटलेलं, आत तबकडी लागलेली. ती तबकड्या लावते हे मला ठाऊकच नव्हतं. मी घरी नसताना लावत असणार. दाराच्या फटीतून पाहिलं. भागिरथा भुईवर बसली होती, मांडीवर तुरीच्या डाळीचं सूप. पण डाळ निवडत नव्हती. तुझ्या पेटीच्या कडेच्या फळीला तिने गाल चिकटवला होता, जबड्याचं हाड घट्ट दाबून, डोळे मिटलेले. आणि डावा हात सुपाच्या काठावर ठेका धरत होता. तबकडीतल्या ढोलकीशी, एक थापही न चुकता.

गोविंदा, त्या बसण्याची ओळख मला कोणी करून द्यायला नको. दोन वर्षं मी तसाच बसलो आहे, गोठ्याच्या बाजूने, फळीला गाल लावून. तसा माणूस एकाच कारणासाठी बसतो. आतलं त्याला हवं असतं, आणि दुसऱ्या वाटेने ते त्याच्याकडे येत नाही. मी इतके महिने तिच्या कपाळावरच्या आठ्या वाचत होतो, भाष्यासकट. आणि मूळ पाठच चुकीचा घेतला होता.

मी आत गेलो नाही. कोणी पाहत असलं की फळीपासून गाल कसा झटकन उचलावा लागतो, तेही मला ठाऊक आहे. मी फाटकापर्यंत परत गेलो आणि कडी जोरात वाजवली.

शुक्रवारी तुझं पत्र आलं आणि उरलेलं अर्धं कळलं. तिला वाटत होतं मी आवाज काढत नाही. जेवताना मी रोज शाळेतल्या गोष्टी सांगत होतो रे. ती ताटाकडे पाहत राहायची, म्हणून हळूहळू कमी केल्या, शेवटी बंद. मला वाटलं, ऐकायच्या नाहीत.

काल संध्याकाळी दिवेलागणीला ती पेटीवरची धूळ पुसत होती. मी तिला खुणेने बसवलं. गुरुवारी बसली होती त्याच जागी. ती लाजली, तिला वाटलं मी चेष्टा करतो आहे. तशी माझी ख्यातीच आहे. मी पेटीच्या पलीकडच्या बाजूला भुईवर बसलो. संस्कृतचा शिक्षक, पन्नाशीचा, मांडी मोडत नाही, खिडकीत भाऊसिंगाची नात. तिकडे लक्ष दिलं नाही. वरच्या फळीवर हनुवटी टेकवली, तिला गाल टेकवायला सांगितला, आणि फळीत म्हणालो, ‘भागिरथे.’

तिने डोळे उघडले. मग म्हणाली, ‘बोल्ले तुमी?’

मी म्हटलं, रोजच बोलत होतो.

‘मले वाटलं सोडलं.’

ढोलकी खुंटीवरून उतरली आहे. डावा हात शाबूत आहे हे तिला पटलं. मांडीवर घेते तेव्हा हनुवटी ढोलकीच्या खोडाला टेकवते आणि हसते. गोजराबाई म्हणाल्या, हे काय नवीन. ती म्हणाली, माही रीत हाय. फेब्रुवारीत आम्ही येतो. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. शब्द हा आकाशाचा गुण असं मी मुलांना सांगत राहीन, परीक्षेत तेच विचारतात. घरात मात्र तूर्त तो फळीचा गुण आहे. गोधडी पेटीखाली घालावी का, की बसणाऱ्याच्या अंगाखाली, हा वाद तेवढा चालू आहे, आणि वाद चालू आहे याचं मला किती बरं वाटतं ते तुला कळेल.

विजयमालेबद्दल जे मी तेव्हाच विचारायला हवं होतं, ते काल विचारलं. त्यानंतर फळीला हनुवटी लावून आणखी काय म्हणालो ते तुला सांगत नाही. संस्कृतात नव्हतं, एवढं खरं. तिनेही उत्तर दिलं. तिला आता हळू बोलायची सवय लागली आहे, म्हणून ते ऐकायला मलाच फळीला कान लावावा लागला.

तुझा
देवमन